गिअरबॉक्स गाडीचाच, की दुसरीचा?

जुनी गाडी घेणारा माणूस आधी चासी नंबर पाहतो, मग इंजिन नंबर. दोन्ही आरसी बुकाशी जुळले की त्याचा जीव भांड्यात पडतो. पुढे कधीतरी मिस्त्री पायाखालचा पत्रा उचलतो, तेलाने काळी पडलेली ओतीव पेटी दिसते, आणि मालकाच्या मनात प्रश्न येतो: हा गिअरबॉक्स या गाडीचाच कशावरून? असेल, तर तो कोणत्या साली बनला?

गाडी पूर्ववत करायला घेतलेला प्रत्येक जण हा प्रश्न विचारतो. धार आणि देवास या दोन गावांच्या परिसरात तर तो जास्तच विचारावा असा आहे. तिथे संस्थानी काळापासून मोटारी फिरल्या, पुढे तिथेच गिअर घडू लागले आणि गिअरबॉक्सही तयार झाले. मुंबई-आग्रा रस्त्यावरच्या या पट्ट्यात विलायती, अमेरिकी आणि देशी असे तिन्ही गिअरबॉक्स एकाच वर्कशॉपमध्ये शेजारी शेजारी पडलेले असू शकतात.

१. कागदावर नसलेला भाग

आरसी बुकात चासीचा आणि इंजिनाचा नंबर असतो, गिअरबॉक्सचा नसतो. २०२१ साली केंद्र सरकारने ५० वर्षांवरच्या गाड्यांसाठी 'व्हीए' मालिकेची वेगळी नोंदणी सुरू केली. गाडी मूळ रूपात असावी, चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा बदल झालेला नसावा, अशी तिची अट आहे. या यादीतही गिअरबॉक्सचं नाव नाही. त्यामुळे गिअरबॉक्स बदलला तरी सरकारदरबारी काही हलत नाही, आणि गेल्या सत्तर-ऐंशी वर्षांत तो कुणी, कधी, कुठे बदलला याचा पुरावा फक्त धातूवर उरतो.

बदलण्याची कारणं साधी होती. धार आणि देवासची संस्थानं (देवासात तर थोरली पाती आणि धाकटी पाती अशी पवारांची दोन) १९४८ साली मध्य भारतात विलीन झाली. आयात बंधनांच्या पुढच्या काळात परदेशी गाडीचा मूळ भाग मिळणं अवघड झालं. गिअर तुटला की मिस्त्री जे बसेल ते बसवायचा, आणि गाडी चालती ठेवणं हेच त्याचं काम होतं. त्या तडजोडींमुळेच आज या गाड्या आपल्यापर्यंत पोचल्या आहेत, हे विसरून त्यांच्याकडे पाहू नये.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. गिअरबॉक्सचं वय ताडून पाहायचं तर गाडीचं स्वतःचं वय आधी पक्कं हवं, आणि आरसीवरची नोंदणीची तारीख म्हणजे ते वय नव्हे. युद्धकाळात १९४३ साली बनलेली जीप लष्कराच्या लिलावातून बाहेर पडून १९५० साली पासिंग झालेली असू शकते. अशा गाडीत १९४८ च्या बनावटीचा गिअरबॉक्स निघाला तर कागदावर तो शोभतो, पण तो तिचा नसतो.

२. पेटीच्या आत

पुढच्या साऱ्या खुणा समजायच्या तर आत काय आहे ते थोडं पाहू. इंजिनाकडून येणारा दांडा पेटीत शिरतो. त्याच्या टोकाचा गिअर खालच्या ले शाफ्टला फिरवतो. ले शाफ्टवर लहान-मोठे गिअर एका रांगेत असतात आणि त्यांच्याशी वरच्या मेन शाफ्टवरचे गिअर जुळतात. मेन शाफ्ट मागे चाकांकडे जातो. गिअर टाकणं म्हणजे यांतली कोणती जोडी कामाला लावायची ते ठरवणं.

आता गणित. १५ दात्यांचा गिअर ३० दात्यांच्या गिअरला फिरवत असेल तर पहिल्याचे दोन फेरे झाले की दुसऱ्याचा एक होतो. वेग निम्मा, जोर दुप्पट. समजा पेटीत अशी पहिली जोडी १५ आणि ३० ची आहे, आणि पुढची जोडी २० आणि २८ ची. पहिली २ पट देते, दुसरी १.४ पट. गुणाकार २.८. म्हणजे इंजिनाचे २.८ फेरे झाले की मागच्या दांड्याचा एक. याला त्या गिअरचं गुणोत्तर म्हणतात. हे गुणोत्तर बनावटीनुसार ठरलेलं असतं आणि ते हाताने मोजता येतं, म्हणून ओळख पटवायला ते फार उपयोगी पडतं.

दुसरी गोष्ट सिंक्रोमेशची. वेगवेगळ्या गतीने फिरणारे दोन भाग जुळण्याआधी पितळी कड्यांच्या घर्षणाने त्यांची गती सारखी करायची, ही ती युक्ती. कॅडिलॅकने ती १९२८ साली आणली, शेवरलेटमध्ये १९३२ साली आली. मूळची १९२६ ची म्हणून दाखवलेली अमेरिकी गाडी आणि गिअरबॉक्समध्ये मात्र सिंक्रोची कडी, असं दिसलं तर पुढे शोधायची गरज नाही. ॲम्बॅसिडर आणि फिएट ११०० यांच्या जुन्या चार गिअरच्या पेट्यांत वरच्या तीन गिअरना सिंक्रो होता, पहिल्याला नव्हता. चालत्या गाडीत पहिला टाकला की दाते करकरायचे आणि झिजायचे. म्हणून जुन्या पेटीत सर्वांत आधी बदललेला सापडतो तो पहिला आणि रिव्हर्सचा गिअर.

३. ओतीव आकडा आणि ठोकलेला आकडा

पेटीच्या बाहेरच्या कवचावर, म्हणजे हाउसिंगवर, दोन प्रकारचे आकडे असतात. काही उंचावलेले असतात, ते धातू साच्यात ओततानाच उमटलेले. काही आत गेलेले असतात, ते नंतर पंच ठोकून उठवलेले. या दोहोंची गल्लत करणं ही सर्वांत जास्त होणारी चूक आहे.

आपल्याकडे लग्नात दिलेल्या पितळी भांड्यावर नाव आणि तारीख घालून घेतात. त्याच भांड्याच्या बुडाला कारखान्याची खूणही असते. कारखान्याची खूण हजारो भांड्यांवर सारखीच, नाव आणि तारीख मात्र त्या एकाच भांड्याची. हाउसिंगवरचा उंचावलेला लांब आकडा हा कारखान्याच्या खुणेसारखा आहे. तो साच्याचा नंबर असतो, तोच साचा दहा वर्षंही वापरात राहू शकतो. ठोकलेला आकडा हा त्या एका पेटीचा. विक्रेता साच्याचा नंबर दाखवून 'हा बघा मूळ नंबर' म्हणाला, तर त्याने प्रकार सिद्ध केला, ही पेटी या गाडीची आहे हे नाही.

काही कारखाने साच्यात ओतण्याची तारीखही घालत. जनरल मोटर्सच्या अनेक ओतीव भागांवर इंग्रजी अक्षर, मग दिवस, मग सालाचा शेवटचा आकडा अशी खूण सापडते. ए म्हणजे जानेवारी, बी फेब्रुवारी, असं करत एल म्हणजे डिसेंबर. मुंबईत शिवडीला जनरल मोटर्सचा जुळणी कारखाना १९२८ पासून १९५४ पर्यंत चालला, त्यामुळे आपल्याकडच्या जुन्या शेवरलेटना हे थेट लागू पडतं. समजा, शेवरलेटच्या पेटीवर 'सी १४ ७' दिसलं. १४ मार्च हे कळलं, पण साल १९३७ की १९४७? इथे गिअरचा दांडा मदतीला येतो. शेवरलेटमध्ये तो १९३९ साली मागणीनुसार आणि १९४० पासून सर्रास स्टिअरिंगखाली गेला. पेटीच्या माथ्यावरच पायाशी येणारा दांडा बसत असेल तर १९३७, स्टिअरिंगवरून जोडणी असेल तर १९४७. एक खूण अर्धवट असली की दुसरी तिला पुरी करते.

मग ही तारीख गाडीच्या तारखेशी ताडायची. पेटी ओतायची, यंत्रावर घासायची, आतले भाग भरायचे, मग गाडीत चढवायची, असा क्रम असल्याने पेटीची तारीख गाडीच्या आधी काही आठवडे ते काही महिने असावी. ती गाडीनंतरची असेल तर पेटी नक्की परकी. शिवडीत जुळवलेल्या गाडीसाठी यात जहाजाचा प्रवासही धरावा लागतो, त्यामुळे फरक थोडा जास्त निघाला म्हणून लगेच शंका घेऊ नये.

अक्षरांच्या बाबतीत एक सापळा आहे. अमेरिकेत इंडियाना राज्यात मन्सी नावाचं गाव आहे, तिथे जनरल मोटर्सचा गिअरबॉक्सचा कारखाना होता. तिथल्या १९६० च्या दशकातल्या चार गिअरच्या पेट्यांवर जुळणीची तारीख ठोकलेली असते, आणि तिथे महिन्यांसाठी सलग अक्षरं न घेता मधली काही गाळलेली आहेत. ओतीव तारखेत एच म्हणजे ऑगस्ट, मन्सीच्या ठोकलेल्या तारखेत तोच एच म्हणजे जून. के पहिल्यात नोव्हेंबर, दुसऱ्यात जुलै. एकाच पेटीवर दोन्ही पद्धती असतात. कोणतं अक्षर ओतीव आणि कोणतं ठोकलेलं, हे आधी पाहिलं नाही तर जुळणी ओतण्याच्या आधी झाली असा अजब निष्कर्ष निघतो.

रोल्स-रॉइस आणि बेंटली यांची गोष्ट वेगळी. त्यांच्या कारखान्यात प्रत्येक चासीचं कार्ड ठेवलेलं असे आणि त्यातली बरीच आजही इंग्लंडात जपलेली आहेत. १९३१ च्या आधीच्या बेंटलींत ए, बी, सी, डी अशा प्रकारांच्या पेट्या होत्या. चासीच्या नोंदीशी पेटीचा प्रकार आणि नंबर ताडणं हे तिथे पहिलं काम. अशी गाडी हाती असेल तर पाना उचलण्याआधी पत्र लिहावं.

नंबर शोधताना हात जपून चालवावा. रॉकेल, लाकडी पट्टी आणि पितळी तारांचा मऊ ब्रश एवढं पुरतं. ग्राइंडर आणि वाळूचा मारा या दोन गोष्टींनी जितका इतिहास पुसला तितका गंजानेही पुसला नसेल. स्वच्छ झालेल्या जागेवर खडू आडवा फिरवला तर आत गेलेली अक्षरं काळी राहतात आणि वाचता येतात. अंधारात टॉर्च बाजूने धरली तर पुसट अक्षरांची सावली पडते. आणि घासण्याच्या आधी फोटो काढावा, कारण मूळ रंगाचा थर, जुन्या सीलबंद बोल्टवरची खूण, काळं ग्रीस हेही पुरावेच आहेत. आकड्याभोवतीचा पृष्ठभाग शेजारच्यापेक्षा गुळगुळीत, किंवा एखादं अक्षर वेगळ्या वळणाचं वाटलं, तर तिथे कुणीतरी जुना नंबर घासून नवा ठोकला असण्याची शक्यता आहे.

४. अठ्ठावीस फेरे

माळव्यात सर्वांत जास्त भेटणारी जुनी गाडी म्हणजे जीप, आणि गिअरबॉक्सच्या बाबतीत सर्वांत जास्त फसवणारीही तीच. युद्धकाळातली विलीज एमबी १९४१ ते १९४५ मध्ये बनली. तिच्यात वॉर्नर गिअर कंपनीचा टी-८४ हा तीन गिअरचा बॉक्स होता. (ही कंपनीही मन्सीचीच.) युद्ध संपताना नागरी जीप आली आणि तिच्याबरोबर जास्त दणकट टी-९०. महिंद्रने पुढे आपल्याकडे बनवलेल्या उंच बॉनेटच्या सीजे-३बी जीपमध्येही टी-९० होता. तो थोड्याफार बदलांनी जुन्या एमबीमध्ये बसतो आणि जास्त टिकतो, म्हणून असंख्य एमबी जीपमध्ये तो आज बसलेला आहे. दोन्ही तीनच गिअरचे, दोन्हींत पहिल्याला सिंक्रो नाही. चालवून फरक कळत नाही.

हाउसिंगवर टी८४ किंवा टी९० अशी अक्षरं ओतलेली असतात. पण ती वाचता येत नसतील, किंवा कवच एकाचं आणि पोट दुसऱ्याचं अशी शंका असेल, तर पेटी न उघडता तपासता येतं. टी-८४ च्या पहिल्या गिअरचं गुणोत्तर २.६६५ आहे, टी-९० चं २.७९८. फरक क्षुल्लक वाटतो, पण जीपला इंजिन फिरवायचं हँडल आहे, आणि त्याने हा फरक डोळ्यांना दिसेल इतका मोठा करता येतो.

बॅटरीची तार काढा. स्पार्क प्लग काढा, म्हणजे हँडल हलकं फिरेल आणि इंजिन अचानक सुरू होणार नाही. पुढच्या चाकांना दगड लावून मागची दोन्ही चाकं घोडीवर उचला. ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना गती वाटणारी जोडपेटी) 'हाय'मध्ये, पुढच्या चाकांची जोडणी सोडलेली, मुख्य दांडा पहिल्या गिअरमध्ये. हँडल थोडं फिरवून दात्यांमधला सैलपणा काढून घ्या. आता मागच्या प्रोपेलर शाफ्टवर वरच्या बाजूला खडूची खूण करा आणि हँडल बरोबर अठ्ठावीस फेरे फिरवा.

टी-९० असेल तर अठ्ठावीसला २.७९८ ने भागल्यावर जवळजवळ दहा येतात. शाफ्टने दहा पूर्ण फेरे घेतले, खूण पुन्हा वर आली. टी-८४ असेल तर उत्तर साडेदहा, आणि खूण बरोबर उलट, जमिनीकडे. मधले फेरे मोजण्यात चूक झाली तरी चालतं, शेवटी खूण वर की खाली एवढंच पाहायचं. हँडलचे अठ्ठावीस मात्र मोठ्याने मोजावेत. ट्रान्सफर केस चुकून 'लो'मध्ये राहिला असेल तर शाफ्ट निम्म्याच्या आसपास फिरेल आणि दोन्हीपैकी काहीच जुळणार नाही.

कवच टी-८४, गुणोत्तर टी-८४, आणि गाडी एमबी, असं तिन्ही जुळलं तर बनावटीपुरतं समाधान मानायला हरकत नाही. एमबीमध्ये टी-९० निघाला तर पेटी युद्धानंतरची. जीपमध्ये चार गिअर निघाले तर तारीख आणखी पुढे सरकते, कारण कोरियाच्या कियाच्या तंत्राने महिंद्रने बनवलेला केएमटी-९० हा चार गिअरचा बॉक्स १९८० च्या दशकातला आहे. फोर्डने बनवलेल्या युद्धकाळातल्या जीपच्या मालकांना एक जादा सोय आहे: फोर्ड आपल्या भागांवर, अगदी बोल्टच्या माथ्यावरसुद्धा, एफ अक्षर उठवत असे.

५. आटे काय सांगतात

आकडे पुसले गेले तरी बोल्ट राहतात, आणि बोल्टचे आटे देश आणि काळ दोन्ही सांगतात. सुमारे ८ मिलिमीटर जाडीचा बोल्ट घ्या. ५/१६ इंच म्हणजे ७.९४ मिलिमीटर, त्यामुळे इंचाचा आणि मिलिमीटरचा बोल्ट नुसत्या डोळ्यांनी सारखेच दिसतात. पण पट्टी लावून एका इंचातले आटे मोजा (बोल्ट आखूड असेल तर अर्ध्या इंचातले मोजून दुप्पट करा). बावीस भरले तर जुना ब्रिटिश बारीक आटा. चोवीस भरले तर अमेरिकी पद्धतीचा, जो १९४८ च्या करारानंतर ब्रिटिश गाड्यांतही आला. वीसच्या आसपास भरले तर नेहमीचा मेट्रिक.

म्हणजे १९३५ च्या ब्रिटिश गाडीची पेटी सगळीकडे चोवीस आट्यांची असेल, तर ती युद्धानंतरची असण्याची दाट शक्यता. एखाददुसरा बोल्ट वेगळा निघाला तर तो फक्त बदललेला बोल्ट. निष्कर्ष हाउसिंगमधल्या भोकांच्या आट्यांवरून काढावा, कारण बोल्ट हरवतात, भोकं हरवत नाहीत.

या नियमाला एक विलक्षण अपवाद आहे आणि तो आपल्या देशाशी जोडलेला आहे. कॉव्हेंट्रीत हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा कारखाना होता, तो मॉरिसने १९२३ साली घेतला. तिथली यंत्रं फ्रेंच, म्हणून आटे मेट्रिक. पण इंग्लंडातल्या गॅरेजवाल्यांकडचे पाने व्हिटवर्थ या जुन्या ब्रिटिश मापाचे, म्हणून बोल्टचे माथे व्हिटवर्थ मापाचे. हा संकर पुढे कित्येक वर्षं चालला. हिंदुस्थान मोटर्सची पहिली गाडी, हिंदुस्थान टेन, ही मॉरिस टेनवर बेतलेली. अशा मॉरिस घराण्याच्या गाडीत ८ मिलिमीटरच्या बोल्टला इंचात पंचवीसच्या आसपास आटे सापडतात, म्हणजे चोवीसच्या इतके जवळ की मोजणारा फसतो. तिथे माथा निर्णय देतो: व्हिटवर्थचा पाना नीट बसला आणि आटा मेट्रिक निघाला, की पेटी त्या घराण्याची. ज्या मिस्त्रीने 'कुणीतरी भलतेच बोल्ट घातलेत' म्हणून ते फेकून दिले, त्याने अस्सलपणाचा सर्वांत चांगला पुरावा फेकला.

आतल्या बेअरिंगवरही वाचण्यासारखं असतं. आरएचपी हे नाव तीन ब्रिटिश कंपन्या १९६९ साली एकत्र आल्यावर सुरू झालं, त्याआधी हॉफमन वगैरे नावं वेगळी होती. आरएचपीचं बेअरिंग म्हणजे पेटी १९६९ नंतर कधीतरी उघडली गेली. 'वेस्ट जर्मनी' असा शिक्का १९४९ ते १९९० मधला. मात्र अशा खुणा खालची मर्यादा पक्की देतात, वरची नाही. १९७५ चं बेअरिंग दुकानाच्या फळीवर वीस वर्षं पडून १९९५ साली बसवलेलं असू शकतं. 'या सालाच्या आधी नाही' एवढंच खात्रीने म्हणावं.

६. पिथमपूरचा पाचवा गिअर

धार जिल्ह्यातल्या पिथमपूरची औद्योगिक वसाहत १९८० च्या दशकात वाढली. आयशरचे ट्रक १९८६ पासून तिथे बनू लागले. अहमदनगर-पुण्याच्या फिरोदिया घराण्याशी जोडलेल्या बजाज टेम्पो आणि कायनेटिक होंडा यांचे कारखानेही तिथलेच. कायनेटिक होंडा आता जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात मानाने उभी राहते, पण तिच्यात पट्टा आणि कमी-जास्त रुंद होणाऱ्या पुलीवर काम भागतं, गिअर टाकायची पेटीच नाही.

आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा तो हिंदुस्थान मोटर्सचा पिथमपूरचा कारखाना. जपानच्या इसुझूच्या सहकार्याने तिथे इंजिनं आणि गिअरबॉक्स बनू लागले. कॉन्टेसा १९८४ साली आली तेव्हा तिच्यात ॲम्बॅसिडरचंच १४८९ सीसीचं, मूळ ब्रिटिश आराखड्याचं इंजिन आणि चार गिअर होते. दशकाच्या उत्तरार्धात तिला इसुझूचं १.८ लिटरचं इंजिन आणि पाच गिअरचा बॉक्स मिळाला, आणि १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तीच जोडी ॲम्बॅसिडरमध्येही आली.

त्यामुळे १९७० च्या ॲम्बॅसिडरमध्ये पायाशी दांडा आणि पाच गिअर दिसले तर वय काढणं सोपं आहे: मूळ गाडीचा दांडा स्टिअरिंगवर होता, गिअर चार होते, आणि ही पेटी किमान पंधरा वर्षांनी धाकटी. पण नुसता पायाशी आलेला दांडा पाहून निर्णय देऊ नये. स्टिअरिंगवरची जोडणी सैल पडली की मूळ चार गिअरची पेटी तशीच ठेवून फक्त दांडा खाली आणायचा, हा बदल ॲम्बॅसिडर आणि प्रीमियर पद्मिनी दोन्हींत सर्रास झाला. अशी गाडी पूर्ववत करणं सोपं असतं, कारण हरवलेली असते फक्त दांड्यांची जोडणी. खाली वाकून आटे मोजा. जुन्या पेटीचे बोल्ट इंचाचे, इसुझूच्या पेटीचे मेट्रिक. अर्ध्या इंचाच्या पान्याचं माप १२.७ मिलिमीटर असतं, म्हणून १३ चा पाना इंचाच्या बोल्टवर किंचित सैल का होईना, बसतो. नुसता पाना बसला यावर विसंबू नका.

७. देवासचे दाते

आता सर्वांत अवघड प्रश्न. हाउसिंग मूळ, नंबर जुळतो, तारीख जुळते, पण पेटी उघडली तर पहिला गिअर आणि ले शाफ्ट देवासचे. अशी पेटी मूळ म्हणायची का?

देवासला १९६० च्या दशकात गजरा गिअर्सचा कारखाना उभा राहिला आणि गाव गिअरसाठी ओळखलं जाऊ लागलं. आयशरचा गिअर बनवणारा विभागही पुढे तिथे आला. अमेरिकेत मन्सीचं जे स्थान, ते आपल्याकडे देवासचं मानायला हरकत नाही. देशी बनावटीचे गिअर मिळू लागले आणि परदेशी आराखड्याच्या गाड्या अडून राहिनात. अशा सुट्या गिअरवर बहुधा बनवणाऱ्याची खूण असते. दाते मोजावेत, जोडीतल्या दोन्ही गिअरचे. गुणोत्तर तेच ठेवून दात्यांची संख्या बदललेली असू शकते, आणि तसं असेल तर जोडीतला एकच गिअर पुढे कधी बदलता येणार नाही.

माझं मत स्पष्ट आहे. हाउसिंगवरून पेटीचा जन्म ठरवावा, आतल्या भागांवरून तिचं पुढचं आयुष्य वाचावं, आणि दोन्ही लिहून ठेवावं. 'शंभर टक्के मूळ' असा शिक्का मिळवण्यासाठी चांगले चालणारे देवासचे गिअर काढून परदेशातून झिजके मूळ गिअर आणून बसवणं मला पटत नाही. गिअर हा झिजणारा भाग आहे, तो बदलला जाईल हे बनवणाऱ्यालाही ठाऊक होतं. माळव्याच्या रस्त्यांवर आणि मांडवच्या चढावर चाललेल्या जीपमध्ये देवासचा गिअर असणं हा त्या जीपचा खरा इतिहास आहे. लपवणं मात्र चूक. देवासच्या गिअरवरची खूण घासून तिथे जुनं अमेरिकी नाव उठवणं ही सरळ फसवणूक, मग गाडी कितीही सुंदर दिसो.

जुन्या गाड्यांच्या 'फिव्हा' या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या ट्युरिन चार्टरमध्येही असाच सल्ला आहे: दुरुस्तीत नवे घातलेले भाग साध्या, कायम टिकणाऱ्या खुणेने ओळखता यावेत. गिअरबॉक्समध्ये ही खूण कुठे करायची ते महत्त्वाचं. कडक केलेल्या दात्यांवर पंच मारू नये, तिथून तडा जाऊ शकतो. विजेच्या पेनाने, दात्यांपासून दूर, गिअरच्या सपाट बाजूला साल कोरावं.

नोंदवहीत तीन प्रकारच्या गोष्टी वेगवेगळ्या लिहाव्यात. जे दिसलं ते, म्हणजे हाउसिंगवरची अक्षरं जशीच्या तशी, ओतीव की ठोकलेली यासह. जे मोजलं ते: अठ्ठावीस फेऱ्यांनंतर खूण वर की खाली, इंचातले आटे, प्रत्येक गिअरचे दाते. आणि यावरून जो अंदाज काढला तो, 'या सालाच्या आधी नाही' अशा भाषेत. अंदाज पुढे चुकीचा ठरू शकतो, पण पाहिलेलं आणि मोजलेलं वेगळं लिहिलेलं असेल तर पुढचा माणूस पेटी न उघडता नवा अंदाज काढू शकतो.

काढलेले जुने भाग भंगारात देऊ नयेत. तुटक्या गिअरला तेल लावून, गोणपाटात गुंडाळून, काढल्याची तारीख आणि चासी नंबर लिहिलेली पत्र्याची पट्टी तारेने बांधून गाडीबरोबरच ठेवावा. गाडी विकली गेली तर आरसी बुक, नोंदवही आणि ते गाठोडं, तिन्ही नव्या मालकाच्या हाती द्यावीत.